विहीणबाई, खिडकीची जागा तुमची

विहीणबाई, खिडकीजवळचा पलंग मी अजून कुणाला दिलेला नाही. जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनच्या या खोलीत आल्या दिवशीच मी माझी बॅग भिंतीकडच्या पलंगावर टाकली आणि निखिलला बजावलं, "ती खिडकी तुझ्या सासूबाईंची. त्यांना बाहेर काय चाललंय ते दिसायला लागतं." तुमचं तिकीट झालेलं होतं. तुम्ही येणार, आल्या आल्या म्हणणार, "छे हो, मुलाकडचा मान, खिडकी तुम्ही घ्या." मग मी "अजिबात नाही" म्हणणार, मग चहा गार होईपर्यंत आपण भांडणार, आणि शेवटी खिडकीत तुम्हीच बसणार. सगळं ठरलेलं होतं. तुम्ही आलाच नाहीत. सांगलीला सकाळचा चहा घेतलात, कप विसळून पालथा घातलात आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेलात. असं कुणी जातं का हो, भांडण अर्धवट टाकून?

रडू नंतर आलं. आधी आला तो राग. तुमची लेक, माझी सून, सातव्या महिन्यात आहे. डॉक्टरीणबाईंनी विमानाला साफ नाही म्हटलं. मुग्धाने तुम्हाला शेवटचं बघितलं ते फोनच्या पडद्यावर, आणि तिकडे फोन धरणाऱ्या तुमच्या भाच्याचा हात इतका थरथरत होता की धड चेहराही दिसला नाही. तेव्हापासून ती रडलेली नाही. थोरल्या ईराला किटात, म्हणजे पाळणाघरात, सोडते, लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करते, भांडी मशीनला लावते, आणि रात्रभर छताकडे बघत पडते. खाणं म्हणजे मी ताट पुढे ढकललं तर चार घास. आणि माझ्या बॅगेच्या तळाशी तुमचा तो जांभळा खण आहे, दुसऱ्या वेळेसाठी राखून ठेवलेला. त्याचं काय करू? मुग्धाची ओटी भरायची का, आणि भरायची तर कुणी? एवढा एक प्रश्न तुम्हाला विचारायचा होता. बाकी सगळं मी निभावलं असतं.

आपली जोडी लावली ती माझ्याच दिवट्याने. ती सहल खरं तर त्या दोघांची. जर्मन लोकांच्या ग्रुपबरोबर मेक्सिको: माया लोकांची जंगलात बुडालेली शहरं, स्पॅनिश लोकांनी वसवलेली रंगीत गावं, आणि बरोबर एक विद्वान गाइड. वर्षभर आधी पैसे भरून ठेवलेले. मग मुग्धाला दिवस गेले आणि पाठोपाठ, २०१६ साली, त्या डासाच्या आजाराची बातमी आली. गरोदर बाईने तिकडे जाऊच नये म्हणे. पैसे परत मिळत नव्हते, नावं तेवढी बदलून मिळत होती. आणि घरात आपण दोघी! पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरचा हक्क, म्हणून तुम्ही आलेल्या. नातवंड आमच्या घरचं, म्हणून मी आलेली. आमटीत गूळ घालायचा की नाही यावरून या घरात जे झालं, ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असणार. निखिल शेवटी हात जोडून म्हणाला, "एकीला पाठवलं तर दुसरी रुसेल. दोघी जा." कागदपत्रांचं काय ते त्यानेच बघितलं. मुग्धाने दोघींना एका रंगाच्या टोप्या घेतल्या, हरवलो तर ओळखू येऊ म्हणून.

पहिल्याच सकाळी बसच्या दारात आपण त्या सगळ्या जर्मनांना उन्हात ताटकळत ठेवलं. "आधी तुम्ही." "नाही, नाही, तुम्ही." "अहो, मुलाकडचा मान." "मान गेला खड्ड्यात, पाय तुमचे सुजलेत." चढलो कशाबशा, तर खिडकीवरून पुन्हा तेच. गाइड लिंडनरसाहेब, गळ्यात दोरीला चष्मा, हातात घड्याळ, "माइने डामेन, बिट्टे!", बायांनो, चढा आता, करून थकले. आपण बहिणी आहोत का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, ही माझ्या सुनेची आई. "आ, जा, जा," म्हणाले, म्हणजे हो, हो, पण काही उमगलं नाही त्यांना. जर्मनीत मी हे नातं कितीदा समजावलंय! "सुनेची आई" म्हटलं की लोक मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात, तुमच्या बहीण कशा आहेत?

मग ड्रायव्हर मागे वळला. बेटो. पोट पुढे आणि मिशा त्याच्याही पुढे. त्याने माझ्याकडे बोट केलं, मुलगा? तुमच्याकडे बोट केलं, मुलगी? दोन बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. आपण हो म्हटलं. "कोन्सुएग्रास!" तो एवढ्यांदा ओरडला की मागची झोपलेली माणसं जागी झाली. डोक्याला हात लावला, छातीवर क्रूस काढला आणि हसत सुटला. म्हणजे त्यांच्यात विहिणीला शब्द आहे, आणि त्या शब्दाला लागून येणारी धास्तीही आहे. तुम्ही म्हणालात, "बघा, एवढ्या लांब येऊन आपल्याला ओळखणारं माणूस भेटलं." त्यानेच मग निवाडा केला: एक दिवस खिडकी तुमची, एक दिवस माझी. तो रोज सकाळी बोट दाखवायचा आणि आपण मुकाट्याने बसायचो. आपल्या घरात एवढं ऐकून घेतलंय का आपण कुणाचं?

पालेंकेला लिंडनरसाहेब एका दगडी पाटीसमोर पाऊण तास जर्मनमधून बोलले. मग आपल्यासाठी म्हणून इंग्रजीत, "किंग. व्हेरी इम्पॉर्टंट." तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "बाकीचं राजघराणं जर्मनांनी ठेवून घेतलं वाटतं." मला असं हसू फुटलं की मी पदर तोंडात कोंबला. पण पुढे उश्मालच्या वाटेवर साहेब विचारू लागले की या मुलखात नद्या का दिसत नाहीत, तेव्हा तुम्ही शाळेतल्यासारखा हात वर केलात. "चुनखडक आहे. पाणी जमिनीखालून जातं." तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाई तुम्ही! "गेनाऊ! गेनाऊ!", अगदी बरोबर, करत त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्यानंतर तुमच्याशी बोलताना ते खुर्चीतून उठून बोलायला लागले. माझ्याशी नाही. मला मेलीला सिमेंट आणि चुनखडक एकच.

आणि तुमचं ते भडंग! सांगलीहून जर्मनी, जर्मनीहून मेक्सिको. कागदाचे सुबक पुडे करून अख्ख्या बसमध्ये वाटलंत. आधी सगळे संकोचले. न मागता कुणी काही खायला दिलं की ही माणसं बावरतात. हाइडी नावाची ती उंच बाई, निवृत्त हेबामे, म्हणजे सुईण, तिने पहिली मूठ तोंडात टाकली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला वाटलं आता काही खरं नाही. तिने नाक पुसलं आणि पुडा पुढे केला, अजून द्या म्हणून. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "चालतंय की." त्या दिवशी आपण किती दिवसांनी एकदम हसलो होतो.

पण मेरिदाच्या त्या खुर्च्या. विहीणबाई, त्या खुर्च्या नसत्या तर आपण जन्मभर गोड बोलत राहिलो असतो.

चौकात झाडांखाली पांढऱ्या जोडखुर्च्या होत्या. दोन बैठका उलटसुलट जोडलेल्या. एकीने इकडे तोंड करायचं, दुसरीने तिकडे, आणि बसलं की दोघींचे चेहरे बरोबर समोरासमोर. लग्न ठरलेल्या मुलामुलींनी बोलावं पण शिवू नये म्हणून ही सोय, असं साहेबांनी सांगितलं. सगळे गाव बघायला गेले. माझे गुडघे गेले कामातून, तुमचे पाय सुजलेले, म्हणून आपण त्यात बसलो. नजर चुकवायला जागाच नाही. उजवीकडे बघावं तर तुम्ही, डावीकडे बघावं तर मान अवघडते. थोडा वेळ बाजारभावाचं बोललो. मग तुम्ही एकदम म्हणालात, "लग्नात तुम्ही मला सगळ्यांदेखत दंडाला धरून ओढलंत."

तीन वर्षं पोटात ठेवलं होतंत ते. तुमचे यजमान मुग्धाच्या लहानपणीच गेलेले. कन्यादान तुमच्या भाऊ-भावजयीने केलं. मुलीची ओटी भरायला सवाष्णींना हाका सुरू झाल्या तेव्हा तुम्ही कार्यालयातल्या खांबाआड जाऊन नारळ मोजत उभ्या राहिलात. मला ते दिसलं आणि माझं डोकं फिरलं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेली बाई, आवाज खणखणीत. "मुलीची आई कुठंय? पहिली ओटी त्या भरणार!" म्हणून तुम्हाला ओढत आणलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोग्राफरने दोनदा भरायला लावली. आमच्याकडच्या बायका मला म्हणाल्या, काय मोठं मन तुमचं. आणि तुम्ही जेवणानंतर जे तोंड मिटलंत ते मिटलंत.

"मान दिला मी तुम्हाला," मी म्हणाले.

"मान देताना माणूस आधी विचारतं."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"मग नाही म्हणायचा हक्क माझा होता. माझ्या पोरीची ओटी मी भरली म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या, विहीणबाई. मी काय सर्कशीतलं अस्वल आहे? दया केलीत तुम्ही."

"दया? अहो, दया करायला मी कोण? मला खांबाआडची बाई बघवली नाही, बास!"

"तुम्हाला बघवली नाही. हेच म्हणतेय मी."

मी तरातरा उठले. जायचं कुठे? गाव परकं, बस यायची होती, आणि गुडघा कुरकुरला. पुन्हा येऊन त्याच खुर्चीत बसले, तुमच्या नाकासमोर. बेटो आइस्क्रीम खात चालला होता, तो आपले चेहरे बघून लांबूनच वळला. तुम्ही हसला नाहीत, मीही नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीची पाळी माझी होती. मी बसले, आणि बाहेर काय होतं ते मला आज आठवत नाही.

कोबाला तुम्ही त्या उंच दगडी मनोऱ्यावर चढलात. साडीवर बूट, डोक्यावर मुग्धाची टोपी, हातात पायऱ्यांच्या मधोमध बांधलेला दोर. मी खाली झाडाखाली दोघींच्या पर्सा धरून बसले आणि मनात म्हटलं, पडल्या तर मुग्धाला काय तोंड दाखवू. वर जाऊन तुम्ही हात हलवलात. जर्मन लोकांना नाही, मला. उतरताना बसून बसून आलात, एकेक पायरी, लहान मुलासारख्या. खाली आलात तेव्हा निऱ्यांजवळ साडी चांगली वीतभर फाटलेली. मी माझ्या पदराची पिन काढली, गुडघे टेकून बसले आणि तुमची साडी नीट केली. तुम्ही वरून म्हणालात, "नुसतं जंगल दिसतं हो वरून. आणि मध्येच अशी दगडाची डोकी." बोलणं सुरू झालं ते असं. माफी बिफी कुणी मागितली नाही.

आणि मग कोसुमेल बेट. शेवटचा दिवस. बेटोही हौसेने आपल्याबरोबर बोटीत बसून आला होता. झाडीत एक मोडकं जोतं, वर छप्पर नाही, आत मूर्ती नाही. साहेब बोलत होते, पण सांगितलं आपल्याला हाइडीने, तिच्या तुटक इंग्रजीत, डोळे मोठे करून: ही इश्चेल. चंद्राची देवी. बाळंतिणींची आणि सुईणींची. पूर्वी लांबलांबच्या बायका होड्यांतून हिच्या दर्शनाला यायच्या. तुम्ही पर्स उघडलीत आणि जांभळा खण काढलात. मला माहीतच होतं! आपल्याकडची बाई परमुलखात निघाली तरी पर्समध्ये एक खण टाकतेच, वाटेत कुठे देवी भेटली तर असावा म्हणून. तुमच्याकडे तर दोन होते. सांगलीची हळकुंडं होती. धक्क्यावर नारळ घेतलात तेव्हाच मला शंका यायला हवी होती. शेंडीचाच पाहिजे म्हणून त्या बेटोला चार टपऱ्या फिरवलंत, आणि त्या बिचाऱ्याला नारळाला केस कशाला हवेत ते शेवटपर्यंत कळलं नाही. गहू नव्हते, तर मूठभर मका.

सगळं ओंजळीत घेऊन तुम्ही माझ्याकडे वळलात. "तुम्ही भरता का?"

मी हात मागे घेतले. "तुमची लेक अवघडलेली आहे. तुम्ही भरा."

"विचारताय की सांगताय?"

"विचारतेय, बाई, विचारतेय."

"मग भरते," म्हणालात आणि बूट काढून त्या तापलेल्या जोत्यासमोर उभ्या राहिलात. इतक्यात पहारेकरी धावत आला. इथे काही ठेवायचं नाही! बेटो मध्ये पडला. दोघांचं काय बोलणं झालं कोण जाणे, 'कोन्सुएग्रास' एवढं मला कळलं. पहारेकरी दोन पावलं मागे सरला. तुम्ही त्याला मराठीत सांगितलंत, "ठेवत नाही रे बाबा, भरते आणि परत घेते." रिकाम्या दगडाची ओटी भरलीत. ओठ हलले. काय मागितलंत म्हणून मी विचारलं, तर म्हणालात, "ते आमच्यात आहे." टाळी कुणी वाजवली नाही. हाइडीने तेवढी टोपी काढून हातात धरली होती.

नारळ मग धक्क्यावरच्या दगडावर फोडला आणि सगळ्यांना वाटला. उरलेला दुसरा, तसाच जांभळा खण परतीच्या विमानात तुम्ही माझ्या पर्समध्ये कोंबलात. "दुसऱ्या वेळेला लागेल. तुमच्याकडे ठेवा, माझ्याकडे राहिला तर मी कुणाला तरी देऊन टाकीन." मी म्हणाले, अजून पहिलं जन्मायचंय. "मग काय झालं?" म्हणालात. त्या दिवशी खिडकीची पाळी कुणाची होती ते दोघीही विसरलो होतो.

ईरा झाली. तुमच्या हातचे डिंकाचे लाडू, तुमचं तेल, तुमची ओव्याची धुरी. आणि त्या धुरीने छतावरचा धुराचा भोंगा, तो राउखमेल्डर, असा ठणाणा करायला लागला की खालची म्हातारी अनवाणी जिना चढून आली, आग कुठे म्हणून! तुम्ही दार उघडलंत, एका हातात बाळ, आणि दुसऱ्या हाताने तिच्या हातात लाडू ठेवलात. ती अजून मला जिन्यात भेटली की लाडूची बाई कशी आहे विचारते. परवा विचारलं तिने. मी मान हलवली आणि वर आले. मला ते जर्मनमधून सांगता येईना, आणि खरं सांगू, मराठीतूनही आलं नसतं.

पुढच्याच वर्षी हे गेले. नाशिकच्या घरात येणारी प्रत्येक बाई आधी माझ्या कपाळाकडे बघायची आणि मग नजर वळवायची. मी एवढी तोंडाळ बाई, पण तेव्हा खोलीतल्या खोलीत भिंतीला लागून चालायला लागले होते. तुम्ही सांगलीहून एसटीने आलात. सांत्वनाचा एक शब्द नाही. स्वयंपाकघरात गेलात, पिठलं-भात केलात, माझ्यासमोर बसून मला जेवू घातलंत. मग देवघरातला कुंकवाचा करंडा आणून पुढ्यात ठेवलात. "लावायचं तर लावा. नसेल लावायचं तर लावू नका. पण कुणाला विचारत बसू नका, मलाही नाही." आणि उठून भांडी घासायला गेलात. पाठ वळवून. मी लावलं की नाही हे सुद्धा वळून बघितलं नाहीत. विहीणबाई, त्या पाठीचे माझ्यावर फार उपकार आहेत. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तुम्ही "बरं बरं, कांदा द्या इकडे" म्हणाला असतात.

तर आता ऐका, या आठवड्यात काय झालं ते. इथल्या मराठी मंडळातल्या मुली डबे घेऊन आल्या. चांगल्या पोरी आहेत, मुग्धासाठी जीव टाकतात. तिला म्हणाल्या, आईंची इच्छा होती, साधीशी ओटी तरी भरू. मुग्धा "नको" म्हणून आत निघून गेली. मग एकीने माझा हात धरला. "काकू, तुम्हीच भरा. आम्ही असलं सवाष्ण-बिवाष्ण काही मानत नाही! आम्ही सगळ्या जणी येतो, मस्त व्हिडिओ काढू. सगळ्यांना कळू दे."

टाळी वाजायच्या आधीच मला ऐकू आली. कान तापले माझे. ती पोर किती मायेने बोलत होती, आणि मला तिचा हात झिडकारावासा वाटला. मी काय सर्कशीतलं अस्वल आहे? हेच शब्द तोंडाशी आले, तुमचे. "बघू," म्हणाले मी आणि चहा टाकायला उठले. आता लगेच खूश होऊ नका. तुमचं सगळं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. अर्धं बरोबर होतं. खांबाआडून तुम्हाला ओढायला कुणीतरी हवंच होतं, यावर मी अजून ठाम आहे. पण विचारायला हवं होतं, हे खरं. मेरिदाच्या त्या खुर्चीत मला पुन्हा बसवा, मी एवढं कबूल करून वर आइस्क्रीमही देईन.

मुलींना मी येऊ नका म्हणून कळवलं. आणि आज, रविवारी सकाळी, मुग्धा ईराचे केस विंचरत होती तेव्हा तिच्यापाशी जाऊन बसले. "मुग्धा, तुझ्या आईचा खण आहे माझ्याकडे. ओटी भरू का तुझी? नको म्हणालीस तरी चालेल."

तिने वर बघितलं नाही. "नको, अहो आई."

तुम्ही मला ओळखता. एरवी मी "नको काय नको, ऊठ, तोंड धू" म्हणून तिला पाटावर बसवलीच असती. तिच्या भल्यासाठीच. आज म्हणाले, "बरं." खण बॅगेत परत ठेवला, चेन लावली आणि भाजी चिरत बसले. काय जड गेलं हो ते! हात शिवशिवत होते, जीभ वळवळत होती. ईरा येऊन विचारत होती, "ओमा, वारूम वाइन्स्ट डू?", आजी, रडतेस का म्हणून. तिला मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र जर्मन. कांदा आहे म्हटलं. चिरत होते दुधी.

जेवणं झाल्यावर निखिल ईराला खेळायला बाहेर घेऊन गेला. मी इथे पलंगावर पडले होते. मुग्धा दारात आली. चौकटीला धरून उभी. मग खिडकीजवळच्या पलंगाकडे बघून म्हणाली, "इथे बसू?"

"आईची जागा आहे तुझ्या. बस की."

बसली. खिडकीतून खाली बघत राहिली, अगदी तुमच्यासारखी, मान पुढे काढून. मग ओढणी पसरली पोटावर. "भरा," म्हणाली.

माझी ही धांदल! तांदूळ आणले, तुमचं हळकुंड आणलं. नारळ इथला, शेंडी तासून गुळगुळीत केलेला टकला, तुम्ही असतात तर नाक मुरडलं असतंत. मुग्धा म्हणाली, "तिकडे आईने मका घातला होता ना?" ईराच्या लाह्यांचा मका होता कपाटात, तोही घेतला. खण उघडून ठेवला. कपाळाला कुंकू लावायला गेले आणि क्षणभर माझाच हात थांबला. तुमची ती पाठ आठवली. लावलं. ओंजळीने तिची ओटी भरली. मीही काहीतरी पुटपुटले, काय ते आमच्यात आहे.

शेवटची ओंजळ पडली आणि तिने माझ्या कमरेला मिठी मारली. "आई गं," म्हणाली. मला नव्हे, तुम्हाला. आणि रडली, विहीणबाई, तुमची लेक रडली एकदाची. माझ्या पातळाचा सोगा भिजला. मी "रडू नको" म्हटलं नाही. पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मीही मोकळी झाले. मक्याचे दाणे खोलीभर सांडले. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

ती आता तुमच्या पलंगावर झोपलीय. खरीखुरी झोप, तोंड थोडं उघडं, एक हात पोटावर आणि खण मुठीत. ऊन तिच्या पायांवर आलंय, पडदा ओढला तर कडीचा आवाज होईल म्हणून मी उठत नाही. भिंतीकडच्या पलंगावर बसून तुम्हाला हे लिहितेय.

खिडकीची जागा मी तिला दिलीय, विहीणबाई. चालेल ना तुम्हाला?

विचारतेय हो. सांगत नाहीये.